बीच्या जागी

उपकेंद्राच्या भिंतीवर एक तक्ता आहे,
मी बदलून आले त्याच्याही आधीचा,
खाडीच्या खाऱ्या हवेनं पोपडे धरलेला.
त्यावर खजुराचं चित्र, खाली ठळक अक्षरांत: रक्तवाढीसाठी.
चित्र झुरळासारखं दिसतं. पोरं घाबरतात.

अठरा वर्षं नोकरी झाली, मी आता खरं तेच सांगते.
खजुरात लोह आहे, पण तक्त्यात म्हटलंय तेवढं नाही.
शंभर ग्रॅमला मिलिग्रॅमभर.
चोथा मात्र भरपूर, पोट वेळेवर हलवणारा,
पोटॅशियम वजनाला वजन केळ्याहून जास्त,
आणि साखर तर अशी
की भर उन्हात जाळं ओढून आलेल्याच्या डोळ्यांपुढची अंधारी
दोन खजुरांत सरते.
म्हणून तर दाजी तांडेलाशी माझं भांडण.
"फळच हाय ना बाय? फळानं काय होतंय?"
त्याची साखर दोनशे चाळीस.
"एक," मी म्हणते.
तो एक तोंडात टाकतो, दुसरा खिशात.

कुंपणाला लागून शिंदी उभी आहे.
वैशाखात तिला घोस धरतात, पोरं दगड मारतात,
हाती येते ती सगळी बीच, वर नावाला गर.
खजुराची गरीब मावसबहीण म्हणा.
खरा खजूर आपल्याकडे पिकत नाही,
ऐन पिकायच्या वेळी आभाळ फाटतं.
तो इथे नेहमी पाण्यावरूनच आला.
रुकय्या परकार सांगते, तिच्या पणज्याच्या वेळी
बसऱ्याची गलबतं बाणकोटच्या खाडीत शिरायची,
चटईत शिवलेला खजूर, इतका ठेचून भरलेला
की कोयत्यानं तोडावा लागे.
परत जाताना वासे न्यायची, नारळ न्यायची.
आता तिचा भाऊ सलालाहून डबे पाठवतो,
झाकणावर तारीख छापलेले.

त्या दिवशी ईद होऊन आठवडा झाला होता.
रुकय्या रक्तदाबासाठी बाकावर बसलेली,
तिच्या शेजारी वैजू पावसे. सातवा महिना.
बोटाला सुई टोचली तर थेंबही फिका.
सात पूर्णांक आठ.
"गोळ्या घेतेस का?"
वैजू खिडकीबाहेर, जंगलजेटीकडे बघत राहिली.
"ती गोली मना नको, बाय.
तोंडान खिला धरल्यावानी लागतं.
खाडीन टाकते मी."

मी ओरडले. ओरडायला नको होतं.
रुकय्यानं काही न बोलता पिशवीतून डबा काढला,
एक खजूर उकलला, बी काढून ओच्यात ठेवली,
आणि हात पुढे केला माझ्यासमोर.
मला कळायला क्षण लागला.
मी गोळी दिली.
बीच्या जागी तिनं ती बसवली,
फाजील गर काढून टाकला, वरून सालाची घडी मिटली,
आणि म्हणाली, "चावू नको गो. गिळ. पाणी घे."

वैजूनं डोळे मिटून गिळलं.
मग उरलेला गर मागून घेतला, तो सावकाश चघळला,
बराच वेळ.

दिवसाला दोन गोळ्या, दोन खजूर.
चहा लगेच नको, हे मी दर वेळी बजावलं,
जेवताना आमसुलाचं सार घे, तेही.
दोन महिन्यांनी नऊ पूर्णांक सहा.
अकरा नव्हे. पण वेसवीच्या चढावर
ती आता मधे एकदाच टेकते.

रजिस्टरात उपायाचा एकच रकाना आहे.
त्यात लिहिलं: लोहगोळी, दोन वेळा.
खजुराला तिथे जागा नाही,
रुकय्यालाही.

तक्ता काही मी काढला नाही.
डबा माझ्या टेबलाच्या खणात असतो.
खणाला मुंग्या लागल्यात,
त्यांची रांग तक्त्यावरून जाते,
त्या झुरळाच्या अगदी पोटातून.